लॉटरी लागल्यावरच्या शिव्या

लॉटरी लागल्याची बातमी मला कळली तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत रस्त्यातल्या खड्ड्यात होता. धुळ्यात मी पाणी सोडायचं काम करायचो. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याखाली वॉल्व्ह असतो, आणि तो लांब दांड्याच्या चावीनं फिरवला की त्या आळीचे नळ येतात. त्या दिवशी खड्ड्यात चिखल भरल्यामुळे चावी बसत नव्हती, म्हणून मी पालथा पडून हातानं चिखल उपसत होतो. चौकातला पानवाला पेपर नाचवत धावत आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून ओरडला, "नाना, ऊठ! तुना नंबर लागना!"

मला वाटलं, रॉकेलच्या रांगेतला. मी म्हटलं, डबा घरी आहे, थांब जरा.

तिकीट मी काही हौसेनं घेतलं नव्हतं. अमळनेरला एका लग्नाला जाऊन परत आलो होतो. धुळ्याच्या स्टँडवर चहासाठी सुटे हवे होते, म्हणून लॉटरीवाल्याच्या टेबलाशी गेलो. तो म्हणाला, सुटे नाहीत, एक तिकीट घ्या मग मोड देतो. भांडायचा कंटाळा आला आणि घेतलं. माझे खिसे कायम ओले, त्यात कागद टिकत नसे, म्हणून जाता जाता ते पानवाल्याच्या गल्ल्यात ठेवायला दिलं आणि विसरून गेलो. पानवाला विसरला नाही. दुसरा कोणी असता तर त्याची आठवण माझ्यापेक्षा कमी निघाली असती.

बक्षीस किती होतं ते सांगत नाही. तेव्हाही ज्यानं त्यानं आपापल्या मनानं आकडा फुगवला, तुम्हीही फुगवा. एवढंच सांगतो की उरलेलं आयुष्य बसून खाल्लं तरी पुरलं असतं, कारण खाणारं तोंड एकच होतं. बायको दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. मूलबाळ नव्हतं. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात गेले, ही म्हण शाळेत असताना पाठ केली होती. ती आपल्यावर येईल असं कोणाला वाटतं? बायकोला शिवणयंत्र हवं होतं. बातमी कळल्यावर घरी गेलो, कुलूप काढलं, आणि पहिल्यांदा तेच मनात आलं की यंत्र कोणाला घेऊ. मग दिवा न लावताच बराच वेळ बसून राहिलो. इतका मोठा आनंद आणि तो सांगायला घरात एक माणूस नाही, याचं मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळे एकच विचारायला लागले. साहेब विचारायचे, शिपाई विचारायचा, दाढी करताना न्हावी विचारायचा. "नाना, नोकरी कधी सोडता?" जसं काही मुलीचं लग्न कधी काढता, असं विचारावं. कोणालाही "सोडणार का" हा प्रश्न पडला नव्हता. माझा धाकटा भाऊ जळगावला असतो. तो पहिल्याच गाडीनं आला आणि म्हणाला, "भाऊ, खूप झालं चिखलात लोळणं. चल माझ्याकडे. नुसता बस."

गेलो. रजा घेतली आणि महिनाभर नुसता बसायला जळगावला गेलो.

नुसतं बसणं किती अवघड असतं हे ज्यानं कधी केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. भावजय चांगली आहे, भाऊ चांगला आहे, त्यात खोट नाही. सकाळी गादी उचलायला हात घातला की भावजय म्हणायची, "राहू द्या भाऊजी." बाजारात पिशवी धरली की भाऊ म्हणायचा, "अरे, तू कशाला?" एकदा त्याच्या ओळखीच्या माणसाकडे, यावलजवळ केळीच्या बागेत गेलो. पाटात पाणी चाललं होतं, एका ठिकाणी पाट फुटून पाणी भलतीकडे वाहत होतं. मी सवयीनं चप्पल काढून चिखलात उतरलो आणि हातानं माती लावायला लागलो. तर बागेचा मालक धावत आला, "अहो, अहो, तुम्ही पाहुणे!" मला बाहेर काढून त्यानं पाय धुवायला तांब्या दिला. मी पाय धुतले आणि खुर्चीवर बसून केळं खाल्लं. माझ्यासमोर त्याच्या माणसानं पाट चुकीचा बांधला, मला दिसत होतं, पण पाहुण्यानं बोलू नये म्हणून गप्प बसलो.

भावाच्या घरी दुपारी नळ यायचे. नळात आधी हवा सुर्र करायची, मग पाणी खाकरायचं, मग धार लागायची. तो आवाज आला की मी झोपेतून उठून बसायचो. शेवटी एक दिवस भाऊच म्हणाला, "तुझं मन इथे नाही." मी म्हटलं, "मन आहे रे, पण हाताला करायला काही नाही." रजा संपायच्या आत परत धुळ्याला आलो आणि चावी खांद्यावर टाकली.

आता इथे सांगायला हवं की ही नोकरी काय होती. कारण पगारासाठी करावी अशी ती नव्हतीच. पाणी सोडणाऱ्या माणसाला आमच्याकडे देवाइतका मान आणि चोराइतक्या शिव्या मिळतात, त्यातला मान मी कधी पाहिला नाही. चार दिवसांआड पाणी, उन्हाळ्यात त्याहून लांब. बायका हंडे-कळश्या मांडून ओट्यावर बसलेल्या, पोरं शाळेला खोळंबलेली. मी आळीत शिरलो की एका तोंडानं सुरू व्हायचं, "नाना, आज जपी गया व्हता का?" जपी जाणं म्हणजे झोपून जाणं. दुसरी म्हणायची, "जपू दे वं, त्याले काय, त्याना घर कोन शे आंघोळ कराले!" आणि सगळ्या हसायच्या. बायको गेल्यानंतरच्या महिन्यातच असं बोलल्या होत्या, आणि मला त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, की मी आहे तसा यांच्यात आहे. मीही सोडायचो नाही. म्हणायचो, "तुझ्या नवऱ्याला सांग, रात्रीच नदीवरून भरून आण." शिव्यांचा फड झाला की कोणाच्या तरी ओट्यावर चहा. आज या घरचा, पुढच्या पाळीला त्या घरचा, हे कोणी ठरवलेलं नव्हतं पण चुकत नसे. स्टीलच्या पेल्यात, ओट्याच्या कडेला बसून, पाय गटारीवर सोडून. घरी माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. दिवसभरात मला "अरे" म्हणणारं जे काही होतं ते या आळ्यांत होतं.

जळगावहून परत येऊन पहिल्या पाळीला आळीत शिरलो, तर सगळ्या उभ्या राहिल्या.

उभ्या राहिल्या! ज्या बायका साहेब आला तरी भांडी घासणं थांबवत नसत, त्या डोक्यावर पदर घेऊन उभ्या. मी म्हटलं, कोण आलं मागून? मागे कोणी नव्हतं. ज्या घरचा चहा होता तिथल्या बाईनं मला आत बोलावलं. आत म्हणजे पलंग असलेल्या खोलीत. खुर्ची पुसली, कपबशी आणली, ती फुलांची, लग्नात आलेली, कपाटातून खाली न उतरणारी. कपाच्या कानात माझं बोट जाईना. ती समोर उभी, तिचा नवरा समोर उभा, पोरं दारात उभी, आणि मी एकटा बसून चहा पितो आहे. बाहेर ओट्यावर बाकीच्या हळू आवाजात बोलत होत्या. मला ओट्यावर जायचं होतं. पण जिनं कपबशी आणली तिच्या घरातून उठून ओट्यावर कसं जायचं?

पुढच्या पाळीला दुसऱ्या घरी तसंच. मग ती रीतच पडली. त्याच्याबरोबर टॉवेल-टोपी सुरू झाली. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपी देतात. कोणाची वास्तुशांत, कोणाचं बारसं, गणपतीची आरती, बोलवा नानाला, घाला टोपी. मी जन्मात टोपी घातली नाही, माझं डोकं मोठं आहे, बाजारातली टोपी बसत नाही. ती डोक्यावर ठेवायची, फोटो होईपर्यंत मान हलवायची नाही, मग काढून खिशात. वर्षभरात एक ट्रंक टॉवेल-टोप्यांनी भरली. बायको असती तर त्या टॉवेलांची पायपुसणी शिवून तिनं आळीला वाटली असती.

खात्यातली माणसंही तशीच. थंडीत आम्ही पाणी खात्यातले सगळे एखाद्या मळ्यात जाऊन भरीत करायचो. पऱ्हाट्या पेटवायच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, त्यात पांढरी मोठी वांगी भाजायची, गरम असतानाच साल काढायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. साल काढायचं काम कायम माझं, कारण पाण्यात राहून माझ्या बोटांना चटका कळत नसे. त्या वर्षी मी बाह्या सरसावून बसलो तर मळ्यातून एक खुर्ची आली. "नाना, तुम्ही बसा हो." तुम्ही! पंधरा-वीस वर्षं एका खड्ड्यात हात घालणारे लोक मला तुम्ही म्हणाले. दुसऱ्याच कोणी साल काढली, अर्धी वांग्याला राहिली, भरीत काळं झालं. मला पहिली वाढ. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून भरिताला लावली, घास तोंडात घातला आणि म्हणालो, छान झालं. झालं नव्हतं.

मग एकदा वॉल्व्ह अडकला. काही केल्या फिरेना. दोन माणसं आणली, तेल सोडलं, ठोकलं, आणि सकाळी यायचे ते नळ उन्हं डोक्यावर आल्यावर आले. पूर्वी अशा दिवशी मला आळीतून जाताना मान वर करायची सोय नसायची. खरं सांगतो, त्या दिवशी मी खुशीत होतो. वाटेत उत्तरंही जुळवली होती, कोण काय बोलेल आणि त्याला आपण काय म्हणायचं. आळीत शिरलो. पोरांच्या शाळा बुडाल्या होत्या, एकीच्या नवऱ्याची कारखान्यातली पाळी चुकली होती, सगळ्यांची तोंडं उतरलेली. आणि एक बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नाना, व्हस असं कधी कधी. उनमां उभा नका ऱ्हाऊ." दुसरीनं छत्री आणून धरली. मी त्या छत्रीखाली उभा होतो आणि मला रडायला येत होतं. इतका परका मी स्मशानातसुद्धा झालो नव्हतो.

त्याच दुपारी मी ठरवलं होतं की सोडायचं. लोक म्हणतात ते खरं, पैसेवाल्यानं पैसेवाल्यासारखं राहावं, निदान इतरांची अडचण तरी होत नाही. चावी घेऊन आळीच्या टोकापर्यंत गेलो, कारण शेवटच्या घरी पाणी पोचलं की नाही हे बघितल्याशिवाय निघायची मला सवय नव्हती. शेवटचं घर एका म्हाताऱ्या अक्काचं होतं. तिथे आळी संपते, पुढे भिंत आहे. पाइप तिथपर्यंत जाईस्तोवर पाण्यात दम राहत नसे. अक्काला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. ती दारात पोतं टाकून बसायची, तोटीखाली हात धरून पाण्याची जाडी मोजायची, आणि माझ्या चपलांचा आवाज ओळखायची. मी जळगावहून आल्यापासून ती दुखण्यानं आत पडून होती, त्या दिवशी पहिल्यांदा पुन्हा दारात बसली होती. मी जवळ गेलो. तिनं तोटीखालचा हात काढला, ओला हात माझ्या दिशेनं झटकला आणि म्हणाली,

"काय रे मुडद्या, चावी कोठे गहान टाकीसन ऊना? वरल्या आळीले आंघोळ आन आम्हले आचमन?"

मी तिथेच उभा राहिलो. तिची सून आतून धावत आली आणि तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हातानंच थांबवलं. माझ्या लक्षात आलं होतं. अक्काला माहीतच नव्हतं! दिसत नाही, कानानं कमी ऐकू येतं, घर आळीच्या टोकाला, कोण सांगणार तिला लॉटरीचं? साऱ्या धुळ्यात ही एक बाई उरली होती जिच्यासाठी मी अजून जुनाच होतो. मी इतक्या आनंदात ओरडलो की आळी दचकली, "अक्का, आचमनापुरतं तरी आलं ना? पुण्य कर थोडं म्हणजे धार वाढेल!"

"मन्ह पुन्य तू प्यायी टाकं!" ती म्हणाली, आणि मला बसायला पोत्याची अर्धी बाजू सरकवली.

राजीनामा राहून गेला. मग तो वर्षानुवर्षं राहून गेला.

लोकांना वाटायचं नाना हावरट आहे. पैसा असून हपापलेला, मेला तरी चावी सोडणार नाही. एकानं तोंडावर सांगितलं की एखाद्या गरजूची जागा अडवून बसला आहात. ते मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. त्याला काय सांगणार होतो? की चार दिवसांआड एक म्हातारी मला मुडद्या म्हणते आणि त्यावर मी पुढचे चार दिवस काढतो? मी म्हटलं, "बघू." आणि बघत राहिलो. आळीतल्या घरांत चहा प्यायचो, फुलांच्या कपातून, दोन घोटांत, कारण मला टोकाला जायची घाई असायची. अक्काकडे चहा नसायचा, परिस्थिती बेताची होती. तिच्याकडे शेंगदाणे असायचे, कधी नुसत्या शिव्या. ती मला आळशी म्हणायची, चोर म्हणायची, वरच्या आळीकडून हप्ता खातोस म्हणायची. एकदा म्हणाली, "बायको गयी ते बरं व्हयनं, तुनासारखाले कोन सांभाळतं?" आणि मग थोड्या वेळानं, तोटीकडे तोंड करून, "भली बाई व्हती रे ती." लॉटरीनंतर माझ्या बायकोचं नाव माझ्यासमोर दुसऱ्या कोणीही काढलं नाही. मोठ्या माणसाच्या दुःखाला हात लावायला लोक घाबरतात.

कधी कधी आळीतली एखादी बाई विसरून अक्कासमोर म्हणायची, "नाना, तुमले काय कमी शे आते, देवनी दिधं." अक्का म्हणायची, "काय? काय म्हनी ती?" मी म्हणायचो, "काही नाही, पाण्याचं विचारते." तेवढ्यात नळात हवा सुर्र झाली की ती आतल्या सुनेला हाक मारायची, कळशी आण म्हणून. इतका बारीक आवाज जिला ऐकू येतो तिला शेजारच्या बाईचं खणखणीत बोलणं ऐकू येत नाही, हे मी कितीदा पाहिलं. मला वाटायचं, पाण्यापुरते कान चांगले असतील. ज्याला जे मानायचं असतं ते तो मानतो.

एकदा मला पश्चात्ताप झाला. म्हटलं, आपल्याकडे पैसा आहे, या म्हातारीच्या दारात करंगळीएवढी धार आहे, आपण माणूस आहोत की कोण? टोकापर्यंत मोठा पाइप टाकायला कितीसं लागतं. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, खर्च देत असाल तर टाकू. मी अक्काला जाऊन सांगितलं, खात्याकडून तुझ्याकडे नवीन पाइप टाकतो आहोत, धो धो पाणी येईल. तिनं तोटीखालची धार चाचपली. मग म्हणाली, "नको रे. मंग मी कोनले बोलू?"

आळी पोट धरून हसली. मीही हसलो, आणि घरी जाऊन समाधानानं जेवलो. पाइप शेवटी मी टाकलाच, पण सुनेनं खूप आग्रह केला तेव्हा. पाणी धो धो आलं. अक्कानं तोटीखाली हात धरला आणि म्हणाली, "इतलं कसाले? उलटी करस का मन्हा घरमां?" बोलायला काही उरणार नाही ही तिची अडचण मीच उगाच धरून बसलो होतो.

नव्वद साल उलटल्यावर एका थंडीत ती गेली. मी सकाळी चावी घेऊन आलो तर आळीच्या टोकाशी माणसं उभी होती. कोणी काही बोलायच्या आधीच मला कळलं, कारण दारातलं पोतं उचललेलं होतं. मी त्या दिवशीही पाणी सोडलं, कारण अशा घरी पाणी जास्तच लागतं.

गंधमुक्तीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, मला बोलावणं होतं. पहिल्या पंगतीत, पाहुण्यांच्या रांगेत, पाट. शेजारी कोणी मोठे नातेवाईक. जेवण झाल्यावर हात धुवायला मागच्या मोरीवर गेलो. तिथे सून पाणी घालायला उभी होती. चाळिशी उलटलेली, कमी बोलणारी बाई. माझ्या हातावर तांब्या धरून ती खाली बघत म्हणाली, "नाना, एक सांगू? मायले बठ्ठं मालूम व्हतं."

"सगळं म्हणजे काय मालूम होतं?"

"लॉटरीनं. पहिला दिनपाईन. आम्हीच ते सांगं व्हतं तिले."

माझ्या हातावरून पाणी वाहत राहिलं. ती पुढे म्हणाली की मी जळगावहून परत आलो त्या पहिल्या पाळीलाच, आळीतल्या बायका माझ्यासाठी उभ्या राहिल्याचं म्हातारीला कळलं. तिनं घरातल्या सगळ्यांना बसवून बजावलं होतं. कोणी माझ्यासमोर लॉटरीचं नाव काढायचं नाही आणि तिला माहीत आहे हे कळू द्यायचं नाही. "म्हने, 'बठ्ठा त्याले खुर्ची देतस. एकली तरी त्याले बोलाले पाह्यजे, नही ते तो मानूस सुकी जाई.'"

एवढी वर्षं मी समजत होतो की मी एका आंधळ्या म्हातारीपासून माझं गुपित जपतो आहे. आणि तीच माझ्यापासून जपत होती, दर चार दिवसांनी पोत्यावर बसून, थंडीत, तापात, शेवटी बसवत नव्हतं तरी.

सून तांब्या खाली ठेवून म्हणाली, "माले सांगीसन गयी. 'मी गऊ का मंग तू बोलत जाय त्याले.'" आणि आत निघून गेली.

पुढची पाळी आली. मी चावी फिरवली, आळीत शिरलो. त्या दिवशी चहा ज्या घरी होता तिथे म्हटलं, आज नको, पोट बरं नाही. टोकापर्यंत गेलो. सून दारात उभी होती. तिनं पोतं टाकलं होतं, पण त्यावर बसली नव्हती. नळ वाहत होता, हंडा भरून वाहायला लागला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि वाट बघितली. तिनं माझ्याकडे बघितलं, कंबरेवर हात ठेवला, सासू झटकायची तसा हात झटकला, आणि म्हणाली, "काय हो नाना, आज..." तिथेच थांबली. पुन्हा म्हणाली, "काय रे..." आणि तिचा चेहरा एकदम गोळा झाला. पदर डोक्यावर ओढून ती रडायला लागली.

"माले नही जमत, नाना," ती म्हणाली.

"असू दे पोरी," मी म्हटलं. "सगळ्यांना नाही जमत."

मी हंडा नळाखालून काढून बाजूला ठेवला, तोटी बंद केली आणि आलो. त्याच आठवड्यात चावी खात्यात जमा केली. लोकांना वाटलं, एवढी वर्षं सोडली नाही आणि आता एकाएकी काय झालं? मी गुडघ्यांचं नाव सांगितलं. निरोपाला शाल दिली, टॉवेल-टोपी दिली, साहेब भाषणात म्हणाले की पैसा येऊनही सेवा न सोडणारा माणूस विरळा. टाळ्या झाल्या. टोपी डोक्यावर बसत नव्हती.

आता मी जळगावात, भावाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका माडीवर राहतो. शेजारी मला नानासाहेब म्हणतात. चांगली माणसं आहेत, सणाला ताट झाकून पाठवतात आणि रिकामं ताट न्यायला मोलकरीण पाठवतात. पहिलं वर्षभर मी कोणाशी फारसं बोललो नाही. मग एक दिवस नळ यायची वेळ टळून गेली. मी गॅलरीत उभा होतो. खाली रस्त्यावर पाणी सोडणारा माणूस चावी खांद्यावर टाकून आरामात येत होता, तिशीचा, एकटाच, मान खाली घातलेला. बायका आपापल्या दारातून त्याच्याकडे बघत होत्या आणि कोणी काही बोलत नव्हतं. शहरात आता बोलायची पद्धत राहिलेली नाही.

मी कठड्यावरून वाकलो आणि ओरडलो, "काय रे मुडद्या, जपी गया व्हता का?"

सगळी गल्ली वर बघायला लागली. नानासाहेब! त्या माणसानं दचकून मान वर केली. मला वाटलं, आता हा चिडणार. त्यानं चावी खाली टेकवली, कपाळाचा घाम पुसला आणि तोंडभर हसला. "ऊनू ना बाबा," तो म्हणाला, "कितला बोंबलतस तुम्ही!"

तो चार दिवसांआड येतो. मी आधीपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसतो.